उटकमंडचे पीट आणि कार्बनाचा हिशेब

म्हैसूरच्या चामराजपुरम स्थानकावरून जाणारा लोहमार्ग 1891 मध्ये नंजनगूडला आणि 1926 मध्ये चामराजनगरला पोहोचला, परंतु तो पुढे निलगिरीच्या पायथ्याच्या मेट्टुपाळयमकडे नेण्याची योजना कागदावरच राहिली. निलगिरीच्या माथ्यावरील उटकमंडला रेल्वे मिळाली ती दुसऱ्या बाजूने, कुन्नूरमार्गे, आणि तीही 1908 मध्ये. तोपर्यंत जॉन सलिव्हनने 1820 च्या दशकात वसवलेल्या या थंड हवेच्या गावाला जळणाची चणचण भासत राहिली, आणि भोवतीची शोला, म्हणजे दरीखोऱ्यांत वाढणारी दाट सदाहरित राई, तुटत गेल्यावर लोकांची नजर दऱ्यांच्या तळाशी असलेल्या पाणथळ जागांतील पीटकडे वळली.

पीट म्हणजे पाण्याखाली हवेअभावी अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींचा काळा, ओला थर; तो खणून वाळवला की जळतो, आणि उटकमंडच्या शेगड्यांत तो जळलाही. तुटवड्यावर दुसरा उपाय ठरला तो युकॅलिप्टस, जो 1843 मध्ये येथे आला आणि पुढे एवढा पसरला की मराठीत त्या परक्या झाडाचेच नाव ‘निलगिरी’ पडले. हा उपायही पाणथळींना सोयीचा नव्हता, कारण निलगिरीतील ग्लेनमॉर्गन येथील मोजणीत गवताळ पाणलोटाच्या तुलनेत या लागवडीच्या पहिल्या दहा वर्षांत पाण्याची आवक सुमारे 16 टक्क्यांनी घटलेली आढळली.

पीट खणल्याने होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा अंदाज दोन वेगळ्या खात्यांत मांडावा लागतो. खणून नेलेल्या पीटमधील कार्बन जळताच हवेत जातो, म्हणून थराची जाडी, घनता आणि कार्बनाचे प्रमाण यांच्या गुणाकारावरून तो काढता येतो. परंतु मागे उरलेल्या उघड्या थराचे पाणी ओसरल्यावर त्यात हवा शिरते आणि तो वर्षानुवर्षे हळूहळू कुजत राहतो. आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या 2013 च्या पाणथळविषयक मार्गदर्शिकेत थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांतील खाणकामाच्या पीटभूमीसाठी या कुजण्याचा दर प्रतिहेक्टरी प्रतिवर्षी 2.8 टन कार्बन, तर समशीतोष्ण प्रदेशातील निचरा करून नांगरलेल्या पीटभूमीसाठी 7.9 टन धरला आहे. बटाट्यासाठी वाफे काढलेली दलदल म्हणूनच खाणीपेक्षा निरुपद्रवी मानणे चूक ठरेल. मात्र हे आकडे उष्ण कटिबंधातील उंच पठाराला जसेच्या तसे लावणे धाडसाचे आहे.

खणण्यापूर्वी जाडी मोजलेली नसेल तर पहिले खाते रिकामेच राहते. कॅनडातील अल्बर्टाच्या तेलवाळूच्या खाणींबाबत 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पीटभूमीतून नाहीशा होणाऱ्या साठ्याचा अंदाज 1.14 कोटी ते 4.73 कोटी टन कार्बन असा चौपट अंतराचा निघाला, तोही मंजूर आराखडे हाताशी असताना; उटकमंडच्या शेगड्यांमागे असा आराखडा कधीच नव्हता.

उरलेल्या पीटचे मोल मात्र दुसऱ्याच कारणाने वाढले. शास्त्रज्ञ आर. सुकुमार आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये त्यातील कार्बनाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या भिन्न वस्तुमानाच्या अणूंवरून, सुमारे 20,000 वर्षांतील मोसमी पावसाचा चढउतार वाचून दाखवला. शेगडीत गेलेल्या थरांतील ती नोंद आता कोणत्याही प्रयोगशाळेला वाचता येणार नाही.