पॅनल रूममधला तक्ता

आजचा एपिसोड एका तक्त्याबद्दल आहे. तुमच्या ऑफिसच्या नाहीतर सोसायटीच्या पॅनल रूममध्ये तो नक्की असणार. खाली काळी रबर मॅट, कोपऱ्यात वाळूच्या लाल बादल्या, आणि भिंतीवर फ्रेममध्ये ‘विजेचा धक्का बसल्यास करावयाचे उपचार’.

मागच्या वर्षी आमच्या ऑफिसात पॅनलवर काम करताना वायरमनला शॉक लागला. आम्ही आठ जण दारात उभे, त्यातले सहा बीटेक. सिक्युरिटीच्या काकांनी आधी मेन स्विच बंद केला. मी धावत जाऊन तक्ता वाचायला लागलो. तक्ता सांगत होता, माणसाला पालथं झोपवा आणि पाठीवर दाबा. मी तसं ओरडून सांगितलंही. काकांनी ऐकलं नाही. त्यांनी वायरमनला उताणं केलं आणि छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात केली. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत ते थांबले नाहीत. वायरमन वाचला.

नंतर मला एकच प्रश्न पडला. तक्ता चुकीचा कसा?

तर तक्ता चुकीचा नव्हता, जुना होता. पाठीवर दाबायची ती पद्धत एडवर्ड शेफर या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने 1903 मध्ये मांडली. मुळात ती बुडालेल्या माणसांसाठी होती. बरगड्यांवर दाब दिला की हवा बाहेर, सोडला की आत. पुढे वीज कंपन्यांनी ती आपल्या कामगारांना शिकवली. शॉकने फक्त श्वास थांबला असेल आणि हृदय चालू असेल, तर तिचा उपयोग व्हायचाही.

पण बरेचदा अडचण श्वासाची नसते, हृदयाची असते. साधारण 100 मिलीअँपिअर प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. 40 वॅटचा जुना पिवळा बल्ब याहून जास्त प्रवाह घेतो! अशा वेळी हृदय बंद पडत नाही, ते नुसतं थरथरतं. ढोल पथकात प्रत्येकाने आपापला ताल धरला तर काय होईल, तसं. आवाज भरपूर, ठेका नाही. रक्त पुढे जात नाही आणि काही मिनिटांत मेंदू मरायला लागतो.

न्यूयॉर्कमध्ये 1920 च्या दशकात लाईनमन असेच दगावत होते. तिथल्या वीज कंपनीने संशोधनाला पैसे दिले आणि ते काम बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन यांच्याकडे आलं. हे डॉक्टर नव्हते, इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. विजेने बिघडलेली लय विजेच्याच दुसऱ्या झटक्याने परत येते, हे त्यांच्या गटाने 1930 च्या दशकात कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर रीस्टार्ट. 1957 पर्यंत छाती न उघडता बाहेरून झटका देणारं यंत्र तयार झालं. पण ते चाकांवर ढकलत न्यावं लागेल इतकं जड होतं. म्हणजे यंत्र हॉस्पिटलात आणि लाईनमन खांबाखाली. मधली मिनिटं कशी काढायची?

याचं उत्तर 1958 मध्ये जवळजवळ अपघाताने सापडलं. गाय निकरबॉकर हा त्यांच्या प्रयोगशाळेतला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, तेव्हा पंचविशीतला. प्रयोगात त्याने यंत्राचे जड इलेक्ट्रोड कुत्र्याच्या छातीवर जोरात दाबले. वीज अजून सोडलीच नव्हती, तरी मांडीच्या धमनीतला रक्तदाब किंचित वाढलेला दिसला. म्हणजे नुसत्या दाबाने रक्त पुढे सरकत होतं! जेम्स ज्यूड हे सर्जन सोबत आले. जुलै 1960 मध्ये तिघांचा लेख अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला. त्यात हॉस्पिटलमधले 20 रुग्ण होते, त्यातले 14 वाचले. दोन हात, बाकी काही नाही. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, त्यातलं छाती दाबणं हे इथून आलं.

आता आपल्याकडची तारीख बघा. शॉक लागलेल्याला शुद्धीवर आणण्याच्या सूचना इंग्रजी किंवा हिंदीत आणि जिल्ह्याच्या भाषेत लावा, असं सांगणारा भारतीय वीज नियमांतला 44 वा नियम 1956 चा. म्हणजे त्या लेखाच्या चार वर्षं आधीचा. तक्ते लागले, फ्रेम झाले. पुढे शास्त्र बदललं, पण आमच्या भिंतीवरचा कागद तोच राहिला. तपासणीला येणारा तक्ता आहे की नाही एवढंच बघत असेल, तर त्यावर काय लिहिलंय ते कोण वाचणार?

सिक्युरिटीच्या काकांना मी विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत? म्हणाले, “आधीच्या कारखान्यात ट्रेनिंग झालं होतं, साहेब. बाहुलीवर दाबून दाबून हात दुखले होते.” तक्ता वाचणारा मी, आणि साहेबही मीच. तेव्हा फार ओशाळलो.

म्हणून उद्या एक काम करा. पॅनल रूममध्ये जा आणि तक्ता वाचा. पालथं झोपवलेला माणूस दिसला तर फोटो काढून ॲडमिनला पाठवा. आणि एवढं पाठ करा: आधी वीजपुरवठा बंद, त्याशिवाय माणसाला हात लावायचा नाही. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर 108 किंवा 112 ला फोन. मग छातीच्या मधोमध, साधारण 5 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायचं. ऑफिसात झटका देणारं यंत्र, म्हणजे एईडी असेल, तर एकाला ते आणायला पळवा.

आमच्याकडचा तक्ता आता बदललाय. नवीन लावताना खिळा काकांनीच ठोकला.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!