काळ्या रेघांचा कागद

गडचिरोली जिल्ह्यातल्या प्रयोगशाळेत मी काम करते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची सोल्युबिलिटी टेस्ट रोजची. बोटाला टोचून घेतलेलं रक्त द्रावणात टाकायचं, थोडं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, की संशय. वाहक की रुग्ण, हे मग इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या चाचणीवर कळतं.

मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये केली होती. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही आरोग्यसंस्था इथे सुरू केली. त्यांनी इथल्या लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा आजार मोठा निघाला. पण मुळापासून बरं करणारं औषध हाती नव्हतं आणि लोकांना काळजी होती ती दगावणाऱ्या बाळांची. 'सर्च'नं आपलं काम तिकडे वळवलं. मला तो निर्णय फार मोठा वाटतो; नुसतं निदान करून भागत नाही, पुढे काय हेही सांगता यायला हवं.

हा प्रश्न एकट्या सिकलसेलचा नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्तचाचणीला मान्यता मिळाली. उद्या ती इथे आली, तर आमच्या म्हाताऱ्यांचे नातेवाईक हेच विचारतील: कळलं, पुढे काय?

सिकलसेलपुरतं आज सांगण्यासारखं आहे. रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया हे त्रास कमी करणारं औषध मिळतं. आणि वाहकांनो, लग्न ठरवण्याआधी समोरच्याचीही तपासणी करून घ्या. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.