खोडलेला ठिपका



स्मरणिकेसाठी ‘काहीतरी विज्ञानातलं, पण कळेल असं’ लिहावं, असा संपादकांचा निरोप आला आणि मला दहावीची प्रयोगशाळा आठवली. ओहमच्या नियमाचा प्रयोग होता. आम्ही बहुतेक जण आलेखावर आधी पट्टीने सरळ रेघ मारायचो आणि मग तिच्यावर ठिपके बसवायचो. माझं चौथं निरीक्षण काही केल्या रेघेवर येईना. मी ते रबराने खोडलं. बाईंनी जर्नल उजेडासमोर धरलं. कागद तिथे पातळ झाला होता. “हा ठिपका कुठे गेला रे?” एवढंच म्हणाल्या आणि मधल्या सुट्टीत मला प्रयोग पुन्हा करायला लावला. अ‍ॅमीटरचा एक स्क्रू सैल होता, दुसरं काही नाही. (तो कुणी सैल केला होता हे आता सांगायला हरकत नव्हती, पण तो इसम या स्मरणिकेच्या संपादक मंडळात आहे.)

पुढे भौतिकशास्त्र शिकलो, शिकवलं, आणि एका खऱ्याखुऱ्या ठिपक्याची हकीकत कळली. ती आपल्या मुंबईत घडली, तरी आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. म्हणून सांगतो.

तारेतून वीज जाताना रोध होतो, हे आपण त्याच प्रयोगात शिकलो. १९११ साली हॉलंडमधल्या लायडनला कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा थंड करत नेला, तर ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला, त्याचा रोध एकदम नाहीसा झाला. हीच अतिवाहकता. मग जास्त तापमानाला अतिवाहक होणारा पदार्थ शोधण्याची धडपड सुरू झाली. ती किती संथ होती पाहा: १९७३ साली नायोबियम आणि जर्मेनियमच्या संयुगाने २३ केल्विन गाठले आणि तो उच्चांक तेरा वर्षं तसाच राहिला. १९८६ मध्ये झुरिकजवळ बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या आसपास अतिवाहकता सापडली. पुढच्याच वर्षी इट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडने ९३ केल्विन गाठले. आता महागड्या द्रवरूप हेलियमऐवजी ७७ केल्विनच्या द्रवरूप नायट्रोजनवर काम भागणार होतं.

मी तेव्हा एम.एस्सी.ला होतो. जो तो भट्टीत पावडरी भाजत होता. आज अमुक केल्विन, उद्या तमुक, अशा आवया उठत. रोध जरासा खाली आला की दावा. दुसऱ्याने तोच नमुना बनवला की काहीच नाही. उडत्या तबकड्यांच्या चालीवर अशा नमुन्यांना ‘अनआयडेंटिफाइड सुपरकंडक्टिंग ऑब्जेक्ट’ म्हणत. थोडक्यात, अंधुक खुणेकडे लक्ष देणाऱ्याचं हसं होण्याचे ते दिवस होते.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, एस. के. धर, आर. विजयराघवन ही मंडळी धातूंच्या संयुगांवर काम करत होती. सोबत पवईच्या आयआयटीचे बी. डी. पडालिया, चंदन मजुमदार आणि फ्रान्सचे सी. गोदार्त होते. सगळं जग ऑक्साइडच्या मागे असताना यांच्यापुढे होतं इट्रियम, निकेल आणि बोरॉन यांचं एक संयुग. एका इट्रियममागे चार निकेल, एक बोरॉन. निकेल म्हणजे लोहचुंबकाच्या जातीचा धातू, आणि चुंबकत्व हे सहसा अतिवाहकतेचं वैरी. निकेलने गच्च भरलेल्या संयुगात अतिवाहकता शोधायला कोण जाईल?

तरी १२ केल्विनच्या सुमाराला खूण दिसली. क्षीण. नमुन्याचा अगदी थोडा भाग अतिवाहक होत असावा, एवढीच. ‘कचरा असेल’ म्हणून सोडून देण्यासारखी. आणि गंमत अशी की एका अर्थी तो कचराच होता! मुख्य संयुग अतिवाहक नव्हतंच. त्यात मिसळून आलेलं दुसरंच काहीतरी होतं. १९९३ मध्ये त्यांनी ही १२ केल्विनची अतिवाहकता प्रसिद्ध केली आणि त्या ‘काहीतरी’चा माग काढला. चौथा भिडू निघाला कार्बन. तो मुद्दाम मिसळल्यावर क्षीण खूण भरभक्कम झाली, सबंध नमुन्याची झाली. जानेवारी १९९४ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये तो निबंध आला.

त्याच महिन्यात ‘नेचर’मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतल्या कावा आणि सहकाऱ्यांचे निबंध आले. त्यांनी निकेलच्या जागी पॅलेडियम घालून २३ केल्विन गाठले होते, म्हणजे धातूंच्या संयुगांचा तो जुना उच्चांकच. स्फटिकाची रचनाही त्यांनीच उलगडली: एक थर इट्रियम-कार्बनचा, एक निकेल-बोरॉनचा, पुन्हा इट्रियम-कार्बनचा. थोरियम, क्रोमियम आणि सिलिकॉनच्या एका संयुगाची रचना रसायनशास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होती. तिच्यातल्या मोकळ्या जागेत कार्बन जाऊन बसला होता. भरल्या एसटीत चौथ्या सीटवर सरकून बसावं तसा. रचना पाहून वाटतं, वीज थराथरानेच वाहत असेल, ऑक्साइडसारखी. पण तसं नाही, ती सगळ्या दिशांना वाहते. नावाजलं जाताना बेल प्रयोगशाळेचं नाव मोठ्याने घेतलं गेलं, हे मला आजही खटकतं. त्यांचं काम उत्तमच होतं, पण पहिली खूण कुलाब्याला दिसली होती.

या कुटुंबातला माझा लाडका सदस्य होल्मियमचा. तो ८ केल्विनच्या आसपास अतिवाहक होतो, ५ केल्विनजवळ अतिवाहकता जवळजवळ गमावतो आणि आणखी थंड केला की ती परत मिळवतो. होल्मियमचे चुंबकी अणू मध्येच रांगा बदलतात, त्याचा हा परिणाम. चुंबकत्व आणि अतिवाहकता एका घरात कशा भांडतात नि नांदतात, हे तपासायला जगभरच्या प्रयोगशाळा पुढे कित्येक वर्षं हेच पदार्थ वापरत राहिल्या.

निबंध वाचनालयात हाती आला तेव्हा मी न राहवून बाईंना पत्र लिहिलं. कुलाब्याच्या लोकांनी ठिपका खोडला नाही, वगैरे बरंच भारावून लिहिलं होतं. आठवड्याने पोस्टकार्ड आलं. ख्यालीखुशालीच्या दोन ओळी आणि खाली प्रश्न: “कार्बन किती घातला होता, ते लिहायचं राहिलं.”

मी उलट टपाली कळवलं: एका इट्रियममागे ०.२.