माळव्याची अफू, बडोद्याची तैनाती फौज आणि शेतकऱ्याचे कर्ज

परकीय फौजा आणि अमली पिकांचा व्यापार हा विषय वर्गात निघाला की आपण बहुधा अफगाणिस्तानचे उदाहरण देतो. ते योग्यच आहे. परंतु बडोद्याच्या महाविद्यालयांत शिकविणाऱ्या आपल्यासारख्यांना इतक्या दूर जाण्याची गरज नाही. आपले विद्यार्थी रोज ज्या फतेहगंज भागातून जातात, तेथे एके काळी इंग्रजांची छावणी होती. ती छावणी, तिचा खर्च भागविणारे गायकवाड सरकार आणि गुजरातमार्गे समुद्राकडे जाणारी माळव्याची अफू यांचा परस्परसंबंध तपासून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अफू इंग्रजांनी या देशात आणली नाही. ‘अफू’ हा शब्दच मूळ ग्रीक शब्दापासून अरबी ‘अफ्यून’ या रूपाने पूर्वेकडे आला. माळव्यात लहानथोर सर्व जण मुलांना तीन वर्षांच्या वयापर्यंत अफू देतात, अशी नोंद अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त केली आहे. काठेवाडात पाहुण्यापुढे कसुंबा धरण्याची रीतही जुनीच. म्हणजे पीक होते, व्यसन होते आणि व्यापारही होता. मग परकीय सत्तेने नेमके काय बदलले?

बंगालमधील मक्तेदारी

१७७३ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगाल-बिहारची अफू कंपनीच्या मक्त्याखाली आणली. पाटणा व गाझीपूर भागातील शेतकऱ्याला आगाऊ रक्कम द्यायची, ठरविलेल्या भावाने सगळा चीक घ्यायचा आणि कलकत्त्यात लिलाव करायचा, अशी ती पद्धत होती. चीनमध्ये अफूच्या आयातीला बंदी होती. म्हणून कंपनी स्वतः लिलावापाशी थांबे आणि पुढची चोरटी वाहतूक खाजगी व्यापारी करीत. त्या पैशातून चहाची खरेदी होई. या व्यवस्थेला एकच मोठा प्रतिस्पर्धी होता, तो म्हणजे शिंदे, होळकर आणि राजपूत संस्थानांच्या मुलखात पिकणारी माळव्याची अफू.

बडोदे आणि माळवा

१८०२ साली कडीच्या मल्हाररावाचे बंड आणि पगारासाठी अडून बसलेले अरब शिपाई यांमुळे आनंदराव गायकवाडांचा दरबार अडचणीत आला होता. दिवाण रावजी आपाजींनी कंपनीची मदत घेतली. मेजर अलेक्झांडर वॉकर बडोद्याचा पहिला रेसिडेंट झाला आणि तैनाती फौज आली. १८०५ च्या तहाने तीन हजार पायदळ ठरले आणि त्याच्या खर्चासाठी ११ लक्ष ७० हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीकडे गेला. १८१७ च्या तहाने फौज आणखी वाढली. १८२० मध्ये काठेवाड व महीकांठा येथील खंडणीची वसुलीही कंपनीने आपल्याकडे घेतली. याप्रमाणे माळव्याकडून खंबायत, भडोच व काठेवाडच्या बंदरांकडे जाणाऱ्या वाटांवर कंपनीची नजर बसली.

इकडे डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला. महू आणि नीमच येथे छावण्या पडल्या. अफूचा मुलूख आणि समुद्राच्या वाटा असे दोन्ही आता फौजेच्या टप्प्यात होते. कंपनीने प्रथम माळव्याची अफू स्वतः विकत घेऊन पाहिली, नंतर संस्थानिकांशी करार करून पीक व वाहतूक रोखून पाहिली. दोन्ही उपाय फसले. व्यापाऱ्यांनी माल राजपुतान्यातून कराचीला आणि तेथून जहाजाने पोर्तुगीजांच्या दमणला नेला.

अखेर १८३० मध्ये कंपनीने धोरण बदलले. अडविण्याऐवजी परवाना देऊन जकात घ्यायची असे ठरले. मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर १७५ रुपये जकात बसली. दमणकडे माल वळतो असे दिसताच १८३५ मध्ये ती १२५ रुपयांवर आणावी लागली. पुढे १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने सिंध जिंकला आणि कराचीची वाट बंद झाली. त्यानंतरचे आकडे बोलके आहेत : १८४३ मध्ये २०० रुपये, १८४५ मध्ये ३०० आणि १८४७ मध्ये ४००. सिंध केवळ अफूसाठी जिंकला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण त्या विजयाचे मोल सरकारने प्रत्येक पेटीवर वसूल केले, हे नाकारता येत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. फौजेने खसखस पेरली नाही. कोणत्या वाटेने माल जाईल आणि कोणत्या नाक्यावर पैसा कोणाला मिळेल, हे तिने ठरविले.

आपलेही हात

या इतिहासाचा दुसरा भाग सांगताना आपण अनेकदा संकोचतो. कंपनीला चुकवून किंवा तिच्या परवान्याने अफू नेणारे व्यापारी आपलेच होते. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई, मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान व्यापारी महंमद अली रोगे यांची भागीदारी होती. गोव्याचा रोजेरिओ द फारिया दमणच्या मार्गात अग्रेसर होता. पारशी, जैन, मुसलमान, ख्रिस्ती असे सर्व जण त्यात होते. अमर फारूकी यांनी दाखविल्याप्रमाणे या चोरट्या व्यापारामुळेच पश्चिम भारतात देशी भांडवल टिकून राहिले. त्याच काळातील संपत्तीतून रुग्णालये आणि विद्यालये उभी राहिली. जून १८३९ मध्ये लिन झेशू यांनी ह्यूमेन येथे वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या, त्यांत माळव्याचा मालही होता. त्यामागोमाग झालेल्या युद्धाची किंमत चीनच्या जनतेने मोजली. देणगीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत काम करणाऱ्या आपण तरी हा हिशेब पूर्ण मांडला पाहिजे.

अफगाणिस्तानशी तुलना

आता अफगाणिस्तानकडे पाहू. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोजणीप्रमाणे तालिबानच्या बंदीमुळे २००१ मध्ये तेथे अफूखाली सुमारे ८ हजार हेक्टर जमीन उरली होती. परकीय फौजा आल्यानंतर २००७ मध्ये ती १ लाख ९३ हजार आणि २०१७ मध्ये ३ लाख २८ हजार हेक्टरवर गेली. अमेरिकेने अमली पदार्थांविरुद्ध सुमारे नऊ अब्ज डॉलर खर्च करूनही असे झाले, कारण लढाईसाठी ज्या स्थानिक सरदारांची गरज होती, त्यांतील काहींचे उत्पन्न याच व्यापारातून येत होते. ऑगस्ट २०२१ मध्ये फौजा गेल्या. एप्रिल २०२२ च्या नव्या बंदीनंतर २०२३ मध्ये लागवड सुमारे ९५ टक्क्यांनी घटली.

यावरून ‘फौज गेली, अफू गेली’ असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु त्याच एका वर्षात अफगाण शेतकऱ्यांचे उत्पन्न एक अब्ज डॉलरहून अधिक घटले. तेथे अफूवर मिळणाऱ्या उचलीला ‘सलम’ म्हणतात. फिक्ह शिकलेल्यांना हा शब्द परिचित आहे : पूर्ण किंमत आधी द्यायची, माल नंतर घ्यायचा. शेतकऱ्याची नड भागावी म्हणून मान्य झालेला हा व्यवहार तेथे बाजारभावाच्या बऱ्याच खाली अफू लिहून घेण्याचे साधन बनला. बिहारच्या शेतकऱ्याला सरकार उचल देई, माळव्यात सावकार देई. धनी निराळे असले तरी कर्ज तेच. बंदी आली की पीक जाते, देणे मात्र राहते.

आज मंदसोर, नीमच, रतलाम भागात सरकारी परवान्याने औषधासाठी अफू पिकते. छावणीच्या त्याच नीमचमध्ये सरकारी अफू कारखाना आहे.

समारोप

रेसिडेन्सीच्या इंग्रजी कागदांत जकात, फौज आणि तह भेटतात. शेतकऱ्याचे देणे शोधायचे तर सावकारी आणि दरबारी मोडी कागदांकडे वळावे लागते. बडोद्याच्या दप्तरखान्यात मोडी कागदांचा मोठा साठा आहे, पण ते वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत. मराठी, गुजराती, उर्दू अशा तिन्ही माध्यमांतील विद्यार्थ्यांना एकत्र बसवून मोडी शिकविण्याचा एखादा वर्ग आपल्या महाविद्यालयांनी सुरू केला, तर या विषयावरचे पुढचे संशोधन आपल्याच विद्यार्थ्यांच्या हातून होऊ शकेल.