संबळाच्या गावातून नृत्याच्या पदवीकडे

प्रतिनिधी, धाराशिव

तुळजापुरात भवानीच्या मंदिराच्या पायऱ्या उतरताना देवीच्या दर्शनाआधी कानी पडतो तो संबळ. आश्विनातील नवरात्रात कपाळी मळवट भरलेल्या, हाती परडी घेतलेल्या आराधिनी, पेटता पोत नाचवणारे भक्त, अंगावर आसूड ओढणारा पोतराज आणि दिवटीच्या उजेडात पदन्यास करणारा गोंधळी हे सारे एकाच परिसरात दिसतात. 2023 मध्ये अधिकृतपणे धाराशिव झालेल्या या जिल्ह्याला नृत्याची परंपरा शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. मात्र याच जिल्ह्यातील एखाद्या मुलीने बारावीनंतर ‘मला नृत्यात पदवी घ्यायची आहे’ असे सांगितले, तर घरात पहिला प्रश्न येतो तो ‘नाचायला कॉलेज कशाला?’ हा, आणि दुसरा, ‘मग ते कॉलेज आहे तरी कुठे?’

पहिल्या प्रश्नामागे आपल्या समाजाचा जुना संकोच आहे. मराठीत ‘नृत्य’ हा शब्द मानाचा, ‘नाच’ मात्र हिणवण्यासाठी वापरला जातो. ज्या कलेने घराण्याचे कुळाचार सांभाळले, तिच्याच बाबतीत हा भेद व्हावा हे विचित्र आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबचे आहे.

पदवीत नेमके काय शिकवतात?

नृत्याची विद्यापीठीय पदवी म्हणजे रंगमंचावरील कार्यक्रमांची तयारी एवढाच अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात हा अभ्यास शरीराचा, ग्रंथांचा आणि क्षेत्राचा आहे. त्यांपैकी शरीराचा अभ्यास पदवीपूर्वीच सुरू झालेला असावा लागतो. शास्त्रीय नृत्याच्या पदवीला प्रवेश देताना बहुतेक संस्था प्रात्यक्षिक चाचणी घेतात. सतराव्या-अठराव्या वर्षी प्रथमच घुंगरू बांधणाऱ्यास ती अवघड जाते.

कथकचेच उदाहरण घेऊ. तीनतालाच्या सोळा मात्रा, चार-चार मात्रांचे चार विभाग, आणि त्यावर पायाने काढायचा तत्कार. येथून आरंभ होतो. पुढे हस्तक, चक्कर, थाट, आमद, तोडे, परण, गतनिकास, गतभाव आणि कवित्त अशी वाट आहे. तिहाई म्हणजे एकच बोलसमूह तीनदा म्हणून नेमका समेवर येणे. हे सांगायला सोपे आहे. पण कोणत्या मात्रेपासून उचलले म्हणजे समेवर पडेल याचे गणित विद्यार्थ्याने स्वतः मांडायचे असते. शिवाय जे पायाने काढायचे ते आधी हाताने ताल धरून तोंडाने म्हणून दाखवावे लागते. याला पढंत म्हणतात. पाय चांगला असूनही पढंतीत अडखळणारे विद्यार्थी परीक्षकांना नवे नाहीत.

भरतनाट्यमची रीत निराळी. गुडघे बाहेरच्या बाजूस वळवून अर्धे बसलेल्या अरमंडीत अडवू घोटून घ्यावे लागतात. नंतर अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना या क्रमाने संपूर्ण प्रयोगाची बांधणी शिकवली जाते.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण नृत्याच्या विद्यार्थ्याने एका बाबतीत शब्दशः घ्यावी. सिमेंटच्या वा फरशीच्या कठीण जमिनीवर रोज तासन् तास पाय आपटल्यास गुडघे आणि घोटे दुखावतात. चांगल्या नृत्यवर्गात लाकडी तक्तपोशी असते ती शोभेसाठी नव्हे. प्रवेशापूर्वी संस्था पाहण्यास गेलेल्या पालकांनी इमारतीआधी जमीन पाहावी.

पदवीआधीची शिडी

जिल्ह्याच्या ठिकाणी राहून ही पूर्वतयारी करण्याचा रूढ मार्ग म्हणजे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि 1931 मध्ये त्यांच्या शिष्यांनी मंडळ उभे केले. गायन-वादनाप्रमाणे कथक, भरतनाट्यम आदी नृत्यशैलींच्या परीक्षाही हे मंडळ घेते. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण अशा सात पायऱ्या आहेत. त्यापुढे अलंकार. घरापासून दूर न जाता, शाळा सांभाळून हा क्रम पुरा करता येतो, हीच त्याची मोठी सोय. दहावीच्या निकालात शास्त्रीय नृत्य व लोककलेसाठी वाढीव गुण देण्याची तरतूद झाल्यापासून पालकांचे लक्षही या परीक्षांकडे वळले. गुणांसाठी सुरू झालेले शिक्षण गुण मिळताच थांबू नये, एवढीच अपेक्षा.

विशारद ही विद्यापीठीय पदवीच्या बरोबरीची मानायची की नाही, हे पुढील संस्थेच्या नियमांवर अवलंबून असते. याबाबत ऐकीव माहितीवर विसंबू नये. ज्या विद्यापीठात पुढे शिकायचे तेथून लेखी उत्तर घ्यावे.

पुणे, मुंबई, संभाजीनगर

धाराशिवहून पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र 1987 मध्ये सुरू झाले. संगीत, नृत्य व नाट्य एकाच छताखाली, गुरुकुल पद्धतीने शिकवणारे हे केंद्र कथक आणि भरतनाट्यमच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातील प्रमुख ठिकाण आहे. कथकला विद्यापीठीय शिस्त लावणाऱ्यांत पंडिता रोहिणी भाटे यांचे नाव अग्रणी. 1947 मध्ये त्यांनी पुण्यात ‘नृत्यभारती’ची स्थापना केली. प्रयोगाइतकेच ग्रंथाभ्यासाला महत्त्व देणाऱ्या रोहिणीताईंनी या केंद्रातही अध्यापन केले. 2008 मध्ये त्यांचे निधन झाले.

मुंबईत डॉ. कनक रेळे यांनी 1966 मध्ये नालंदा नृत्य संशोधन केंद्र सुरू केले. त्यातूनच मुंबई विद्यापीठाशी संलग्न नालंदा नृत्यकला महाविद्यालय उभे राहिले. पदवीपासून पीएच.डी.पर्यंतचे शिक्षण तेथे मिळते. मोहिनीअट्टम या केरळी शैलीला शास्त्रशुद्ध अध्यापनाची चौकट देणाऱ्या कनकताईंचे 2023 मध्ये निधन झाले. लोककलेत पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी मुंबई विद्यापीठाचीच लोककला अकादमी आहे. गोंधळ, तमाशा, भारूड हे तेथे अभ्यासाचे मुख्य विषय आहेत, तोंडी लावण्यापुरते नव्हेत.

मराठवाड्यातच राहायचे तर छत्रपती संभाजीनगर. तेथे एमजीएमच्या परिसरात 1996 पासून ‘महागामी’ गुरुकुल चालते. पार्वती दत्ता यांच्या मार्गदर्शनाखाली कथक व ओडिसीचे शिक्षण देणाऱ्या या गुरुकुलाने आपल्या वार्षिक समारोहाला शार्ङ्गदेवाचे नाव दिले आहे. त्या नावाचा मराठवाड्याशी असलेला संबंध नृत्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवा.

इतिहासाच्या पेपरात आपला मुलूख

नृत्याच्या इतिहासाचा अभ्यास भरतमुनींच्या नाट्यशास्त्रापासून सुरू होतो. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक हे अभिनयाचे चार प्रकार, एकशे आठ करणे, तांडव आणि लास्य. पुढे नंदिकेश्वराचे ‘अभिनयदर्पण’ येते. एका हाताच्या मुद्रा नाट्यशास्त्रात चोवीस, तर अभिनयदर्पणात अठ्ठावीस. ही तफावत का, असा प्रश्न ज्याला पडतो त्याचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला असे समजावे. बाकीचे श्लोक पाठ करतात.

मध्ययुगाकडे आल्यावर मात्र हा इतिहास थेट दख्खनच्या पठारावर उतरतो. उमरग्याच्या पलीकडे, आज कर्नाटकात असलेले बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर ऊर्फ भूलोकमल्ल याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात नृत्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यानंतरच्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचा सातवा अध्याय सर्वस्वी नर्तनावर आहे. काकतीयांच्या दरबारातील सेनानी जायसेनापती याने तेराव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या ‘नृत्तरत्नावली’त तर एक विलक्षण हकिकत आहे. कल्याण नगरीत भूतमातृमहोत्सवात भिल्लिणीच्या वेषात नाचणाऱ्या स्त्रीला पाहून सोमेश्वर प्रसन्न झाला आणि त्या नृत्याला त्याने ‘गोंडली’ म्हटले, अशी ती कथा.

या गोंडलीतूनच गोंधळ आला, असे काही अभ्यासक मानतात. लोकपरंपरा निराळे सांगते. परशुरामाने बेटासुराचा वध करून त्याच्या शिरापासून वाद्य बनवले, ते वाजवत रेणुकामातेला वंदन केले आणि तेथून गोंधळ सुरू झाला. ग्रंथ एक सांगतो, गोंधळ्याचे घराणे दुसरे. विद्यार्थ्याने दोन्ही नोंदवायचे असतात. एक खरे म्हणून दुसरे खोडण्याची घाई करू नये.

भरतनाट्यमच्या विद्यार्थ्यालाही मराठी मुलखाचा असाच धागा सापडतो, तो तंजावरात. अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा जो क्रम आज देशभर शिकवला जातो, त्याची घडण करणारे चार नट्टुवनार बंधू तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांच्या दरबारी होते. स्वतः सरफोजींच्या नावावर नृत्यासाठीच्या मराठी रचना आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयात त्या जपल्या गेल्या. आचार्य पार्वतीकुमार यांनी त्या अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणल्या. डॉ. सुचेता भिडे-चापेकर यांनीही तंजावरच्या मराठी रचनांचे संशोधन व सादरीकरण केले. भरतनाट्यम म्हणजे केवळ तमिळ-तेलुगू पदे, हा समज त्यामुळे दूर होण्यास मदत झाली.

गोंधळ दहा मिनिटांत बसतो का?

पदवीचा अभ्यासक्रम नसलेल्या महाविद्यालयांत नृत्याचा संबंध येतो तो युवक महोत्सवापुरता. तेथे लोकनृत्याच्या समूहाला साधारण दहा मिनिटे मिळतात. त्या वेळेत गोंधळ बसवायचा म्हणजे दिवटी, कवड्यांच्या माळा, झगे आणि संबळाची एक द्रुत लय एवढेच हाती राहते. टाळ्या मिळतात, पारितोषिकही मिळते. मूळ गोंधळ मात्र रात्रभराचा विधी आहे. चौक मांडणे, घटस्थापना, गण, गावोगावच्या देवतांना निमंत्रण, मग उत्तररंगातील आख्यान आणि शेवटी आरती. नृत्य या साऱ्यात गुंफलेले आहे. वेगळे काढले की त्याचा अर्थ अर्धा होतो. भवानीचे उपासक कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे उपासक रेणुराई या गोंधळ्यांच्या दोन शाखा आहेत, हेही रंगमंचावर नाचणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते.

परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांनी गोंधळ नागर रंगमंचावर नेला, तेव्हा त्यांच्यापाशी परंपरेचे सारे भांडार होते. म्हणूनच तो संक्षेप कलेला मारक ठरला नाही. डॉ. रा. चिं. ढेरे आणि मराठवाड्यातच अध्यापन केलेले डॉ. प्रभाकर मांडे यांनी या उपासक-कलावंतांचा अभ्यास शब्दबद्ध केला. त्यांचा भर स्वाभाविकपणे विधी, दैवत आणि समाजावर होता. गोंधळ्याचे पाऊल कोणत्या मात्रेवर पडते, कमरेला संबळ बांधलेला असताना शरीराचा तोल तो कसा सांभाळतो, आख्यानात पात्र बदलताना खांदा आणि मान कशी वळते, याची नृत्याच्या परिभाषेत नोंद करणे अद्याप बरेचसे बाकी आहे. त्यासाठी नृत्य शिकलेला आणि या मातीतील भाषा जाणणारा अभ्यासक लागतो. धाराशिवच्या विद्यार्थ्याचा खरा अधिकार येथे आहे.

गोंधळ्यांची पुढची पिढी पोटापाण्यासाठी अन्य व्यवसायांकडे वळते आहे. ही नोंद घेण्यासाठी वेळ अमर्याद नाही. पारंपरिक कलावंतापाशी पदवी नसल्याने महाविद्यालयाचे दार त्याला आजवर प्रेक्षागृहापुरतेच उघडे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2023 मध्ये आणलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा कलावंतांना ‘कलागुरू’ म्हणून उच्च शिक्षणसंस्थांत निमंत्रित करता येते. औपचारिक पदवीची अट त्यात आड येत नाही. तुळजापूर किंवा येरमाळ्याच्या परिसरातील एखादा जाणता गोंधळी महाविद्यालयाच्या वर्गात बसून शिकवतो आहे, असे दृश्य त्यामुळे नियमांत तरी बसते.

शिकून पुढे काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. प्राध्यापक होण्यासाठीच्या ‘नेट’ परीक्षेत नृत्य-नाट्य हा स्वतंत्र विषय आहे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या तरुण कलावंतांसाठीच्या शिष्यवृत्तीला 18 ते 25 वयोगटातील विद्यार्थी अर्ज करू शकतात. शाळांतील कलाशिक्षण, स्वतःचे वर्ग, नृत्यदिग्दर्शन हे मार्गही आहेत. स्थिर उत्पन्न मिळण्यास मात्र काही वर्षे जातात, हे आधीच मान्य केलेले बरे.

पदवीच्या वर्षांत क्षेत्रीय अभ्यासासाठी विषय निवडताना पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला प्रवासाची आखणी करावी लागते. धाराशिवच्या विद्यार्थ्याने नवरात्रात घरी यावे, एवढेच. येताना वही आणावी, ध्वनिमुद्रणाआधी गोंधळ्याची परवानगी घ्यावी, आणि नोंदीच्या पहिल्या ओळीत आपल्या नावाआधी त्याचे नाव व गाव लिहावे.