न्याहारीची घाई

गेल्या महिन्यात न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. दोन लहान मुलं, नवरा-बायको दोघांच्या नोकऱ्या, सकाळी सातला घर सोडायचं. "मावशी, आपल्याकडचं पारंपरिक, झटपट होणारं आणि दुपारपर्यंत पोटात टिकेल असं काहीतरी सांग ना. शाकाहारी हवं. आजी करायची ना पोहे आणि उप्पीट, तसलंच." मी म्हटलं लिहून पाठवते. लिहायला बसले आणि "पारंपरिक" आणि "झटपट" या दोन शब्दांतच अडकले. चार ओळींचा मेल लिहायचा होता, त्याचं हे असं झालं.

कारण आमच्या घरात पोहे पारंपरिक होते, पण झटपट अजिबात नव्हते.

आमचं मूळ गाव सिंधुदुर्गात. तिथे आजी सकाळी पेज करायची, उकड्या तांदळाची. चुलीवर मडकं चढवायचं आणि आपल्या कामाला लागायचं, गुरं, गोठा, पाणी. पेज आपली आपण शिजत राही. दहाच्या सुमारास शेतातून माणसं आली की लोणच्याची फोड नाहीतर कुळथाचं काहीतरी सोबत घेऊन ती प्यायची. वेळ पुष्कळ लागायचा, लक्ष मात्र फारसं द्यावं लागत नसे. घाटावर आणि देशावर हेच काम रात्रीची शिळी भाकरी करायची. भाकरी, वर चटणी किंवा कांदा, ताक असेल तर ताक. महाराष्ट्रातली सगळ्यात झटपट न्याहारी कुठली असं मला कुणी विचारलं तर मी शिळी भाकरी हेच उत्तर देईन. चूल पेटवायची गरजच नाही. चूल पेटवणं, फुंकणं, निखारा धरणं यातच अर्धा तास जातो हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. चुलीच्या जमान्यात "गरमागरम नाश्ता पंधरा मिनिटांत" ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

आणि पोहे? पोहे दिवाळीचे. नवं भात घरात आलं की ते गरम पाण्यात भिजत घालायचं, निथळायचं, कढत भांड्यात भाजायचं आणि गरम असतानाच उखळात कांडायचं. दोघीजणी समोरासमोर उभ्या, मुसळं आळीपाळीने पडणार, तिसरी हाताने भात सारणार. थंड झालं तर चुरा होतो, म्हणून मध्ये थांबायचं नाही. मग पाखडायचं. नरकचतुर्दशीला त्याचेच गोडे पोहे, दुधातले, दह्यातले, तिखट असे पाच प्रकार. आजीचे खांदे दिवाळीनंतर आठवडाभर दुखत असत. आता आपल्याला पिशवीतून काढून पाण्याखाली धरले की पोहे तयार मिळतात, ते एवढ्यासाठीच की त्यांचं शिजणं आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं. आधी उखळात, आता गिरणीत.

वस्तू जुनी आहे यात शंका नाही. संस्कृतात तिला पृथुक म्हणतात. भागवतात सुदाम्याची बायको शेजारच्या घरांतून चार मुठी पोहे मागून आणते आणि चिंधीत बांधून नवऱ्याकडे देते. कीर्तनात सगळा भर कृष्णाने ते पोहे कसे खाल्ले यावर असतो. मला आपलं नेहमी वाटतं, घरात चार मुठीही नव्हते म्हणून चार दारं फिरून आलेल्या त्या बाईला त्या दिवशी स्वतःला काय खायला होतं?

पण सुदाम्याचे पोहे आणि आपले कांदेपोहे यांच्यात पोहे सोडून फारसं काही सारखं नाही. मिरची, बटाटा, शेंगदाणा हे तिघेही अमेरिका खंडातले. पोर्तुगीज भारतात आले ते १४९८ मध्ये, त्यामुळे त्याआधी आपल्या फोडणीत मिरची असणंच शक्य नाही. "बटाटा" हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला. उपासाच्या साबुदाण्याचंही तेच, तो ज्या कंदाचा करतात तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेतला. थोडक्यात, ज्याला आपण आजीच्या हातची चव म्हणतो तिचं निम्मं सामान समुद्रावरून आलेलं आहे. याने मला काही वाईट वाटत नाही, पण "पारंपरिक" शब्द जरा जपून वापरावा एवढंच.

आता घाईबद्दल. ही घाई आपल्याकडे कुठून आली? माझ्या मते गिरणीच्या भोंग्यातून.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या आणि कोकण-देशावरून माणसांचे लोंढे आले. सुरुवातीला काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेऊन जे अर्ज केले त्यातल्या मागण्या वाचण्यासारख्या आहेत: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. साडेसहा ही *सवलत* म्हणून मागितलेली वेळ होती! रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. प्रौढ पुरुषाच्या कामाला बारा तासांची मर्यादा यायला १९११ उजाडलं.

मला यातला सगळ्यात आवडता किस्सा ३९ मिनिटांचा आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. काही गिरण्यांनी घड्याळं नव्या वेळेला लावली, म्हणजे भोंगा तेवढाच लवकर वाजणार. त्याच जानेवारीत कामगारांनी यावरून गिरणीत दंगा केला. इतिहासात हे सरकारविरोधी भावना वगैरे म्हणून नोंदलं जातं आणि तेही असेलच (वंगभंगाचा काळ होता). पण त्या ३९ मिनिटांत कुणाच्या तरी घरी भाकऱ्या थापल्या जात होत्या, हेही खरं ना? महापालिकेने तर १९५५ पर्यंत मुंबईची वेळच धरून ठेवली.

आमचे बाबा लालबागला गिरणीत. पहिली पाळी सातची. आई १९६५ मध्ये लग्न करून चाळीतल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत आली आणि वर्षभरातच तिच्याकडे गावचे चार गडी जेवायला लागले. खाणावळ हा शब्द मोठा वाटतो, ती एक बाई आणि एक खोली असायची. बायका-मुलं गावी ठेवून आलेल्या हजारो कामगारांची पोटं अशा खोल्यांनी सांभाळली. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली, तोपर्यंत त्यांना कुणी "काम करणाऱ्या" म्हणूनही मोजत नव्हतं.

आईकडे स्टोव्ह होता, पितळी टाकीचा, पंपाचा. हा प्रकार स्वीडनमध्ये १८९२ मध्ये निघाला आणि आपल्या चाळींतून शंभर वर्षं फरफरला. गॅस मुंबईत पन्नाशीच्या दशकात आला होता, पण आमच्यासारख्यांच्या घरी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची गोष्ट होती. स्टोव्हची मात्र एक जादू होती: काकडा पेटवा, पिन मारा, पंप करा, पाच मिनिटांत निळी जाळ. आई पहाटे चारला उठायची. माझ्या लहानपणीच्या सकाळींचा आवाज म्हणजे तो पंप. आणि मला वाटतं महाराष्ट्रातल्या शहरांत पोहे-उप्पीट रोजचे झाले ते या स्टोव्हमुळे. सणाचा पदार्थ कामाच्या दिवशी आला, कारण कांडणं गिरणीत गेलं आणि जाळ पाच मिनिटांत मिळू लागला. पेज स्टोव्हवर परवडत नव्हती. तासभर रॉकेल जाळायचं कसं? ते रेशनवर, कॅन घेऊन रांगेत उभं राहून मिळवायचं. म्हणून आईने पेज सोडली. आवड बदलली म्हणून सोडली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दत्ता सामंतांचा संप, सुमारे अडीच लाख कामगार. मी नववीत होते. पहिले दोन-तीन महिने सगळे जोरात होते. मग आईकडे जेवणारे चौघेही एकेक करून गावी गेले, जाताना उधारी "येतो तेव्हा देतो" म्हणून. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे ते "येतो तेव्हा"ही कधी आलं नाही.

जूनमध्ये आईने पोहे विकायला सुरुवात केली. पहाटे तीनला उठून मोठ्या पातेल्यात पोहे, दुसऱ्यात उप्पीट, वर फडकं आणि फडक्यावर झाकण. स्टेशनच्या रस्त्याला कोपऱ्यावर सहा ते नऊ. कागदावर एक डाव, वर शेव. बाबा पातेली पोचवून परत यायचे, तिथे थांबायचे नाहीत. माझी शाळा सकाळची. शाळेचा रस्ता त्याच कोपऱ्यावरून जायचा.

मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जायचे. वर्षभर गेले. मैत्रिणी बरोबर असल्या की तिकडे बघायचेही नाही. आईने कधी हाक मारली नाही. तिला दिसत नसे असं मी स्वतःला सांगत असे, पण कोपरा मोकळा होता, दिसत नसे कसं? दहावीच्या परीक्षेच्या दिवशी ती पातेलं सोडून रस्त्याच्या अलीकडच्या कडेला येऊन उभी राहिली. ओलांडली नाही. मी मान हलवली आणि पुढे गेले. मामा, सुधामावशी, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहितेय: हे आमच्या घरात आजवर कुणी बोललेलं नाही, मीही नाही.

त्याच पोह्यांवर माझं कॉलेज झालं. भाचीच्या आईचं लग्नही. घरी गॅस आला तो १९८६ मध्ये. त्यानंतर महिनाभर आई शेगडी बंद केली की नाही हे बघायला रात्री दोनदा उठत असे.

परवा तिला विचारलं, भाचीला काय प्रमाण लिहू? "रुचिरा"त कमलाबाई ओगल्यांनी १९७० मध्ये वाटी-चमच्यांत प्रमाणं देऊन आपल्या सगळ्यांची सोय केली, पण आईचं माप किलोत आहे. तीन किलो पोह्यांना दीड किलो कांदा. मग मीच भागाकार केला. म्हटलं, तुलाही करते आज पोहे. ८१ वर्षांची आहे आता. म्हणाली, "माका पोहे नको गो. पेज कर."

तिला पोहे कधीच फारसे आवडत नव्हते, हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं.

तर भाचीबाई, तुझ्यासाठी: जाड पोहे घे, पातळ नकोत. दोन वाट्या पोह्यांना एक वाटी कांदा. भिजवू नकोस, चाळणीत धुऊन दहा मिनिटं ठेव. शेंगदाणे मूठभर जास्त घाल, दुपारपर्यंत टिकायचं तर त्यांनीच टिकतं. कांदा आदल्या रात्री चिरून ठेवलास तर सकाळी बारा मिनिटं लागतील. आणि रविवारी वेळ असेल तेव्हा पेज कर, तुझ्याकडे तो इलेक्ट्रिक कुकर आहे ना, त्यात छान होते. उकडा तांदूळ तिकडच्या इंडियन दुकानात मिळतो. एक वाटीला आठ वाट्या पाणी, मीठ शेवटी.