आकाशातून आलेले मास्तर

इतिहास म्हटला की लोकांना गड, तह आणि सनावळ्या आठवतात. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, त्यात बँकेतला कारकून. मला इतिहासातही जमा आणि नावे एवढंच दिसतं. दूरच्या वर्गातल्या पोरांना पडद्यावरून शिकवण्याचा इतिहास या नजरेने चाळला, तर आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या खात्यात मोठ्या गमतीदार नोंदी सापडतात.

पहिली नोंद १९७५ सालची. त्या वर्षी १ ऑगस्टला देशात 'साइट' नावाचा प्रयोग सुरू झाला. स्वप्न विक्रम साराभाईंचं. ते प्रत्यक्षात यायच्या आधीच, १९७१ च्या डिसेंबरात, साराभाई गेले. असला उपग्रह आपल्याकडे नव्हता, म्हणून अमेरिकेकडून वर्षाच्या बोलीने मागून आणला. शेजारणीकडून पुरणयंत्र आणतात, तसा. सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे खेड्यांत दूरदर्शन संच गेले. त्यांतल्या बहुतेकांच्या डोक्यावर दहा फुटी छत्र्या, आणि त्याही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या. सकाळी साडेबावीस मिनिटं शाळकरी पोरांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती आणि आरोग्य. बरोबर एका वर्षाने, ३१ जुलै १९७६ ला प्रयोग संपला आणि अमेरिकेने पुरणयंत्र परत नेलं. पुरण कसं झालं होतं, यावर विद्वानांनी पुढे पुष्कळ लिहिलं.

आता नकाशा काढा. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. सगळा मिळून एकच अवाढव्य चंद्रपूर जिल्हा. पूर्वेला मध्य प्रदेश, दक्षिणेला आंध्र. दोघंही त्या सहांच्या यादीत. महाराष्ट्र नाही! म्हणजे पंगतीत डावीकडच्या पानावर जिलबी पडली, उजवीकडच्या पानावर पडली, आणि मधल्याला वाढपी म्हणाला, "पुढच्या फेरीला." बरं, उपग्रहाला राज्याची सीमा थोडीच कळते? किरण आमच्याही सागवानावर पडतच असणार. खाली ते धरायला छत्री नव्हती, एवढंच.

पुढची फेरी आली. १९८३ च्या ऑगस्टात इन्सॅट-१बी वर गेला. हा आपला स्वतःचा, कुणाला परत करायचा नव्हता. १९८४ च्या जानेवारीत पुण्यात बालचित्रवाणी निघाली आणि महाराष्ट्रातल्या पोरांना मराठीतून धडे दिसू लागले. (२०१७ मध्ये ती संस्था बंद पडली. मला वाईट वाटलं.) आमच्या शाळेतला संच मुख्याध्यापकांच्या कपाटात असे, कपाटाची किल्ली शिपायाच्या जानव्याला, आणि शिपाई बहुधा रजेवर. तरी चार-दोनदा पाहिला. पडद्यावरच्या बाई फार प्रेमळ. "सांगा बरं मुलांनो?" असं विचारत आणि उत्तरासाठी थांबतसुद्धा. आम्ही साठ जण बेंबीच्या देठापासून ओरडत असू. बाई म्हणत, "शाब्बास!" उत्तर चुकलं तरी शाब्बासच.

यातली खरी गोम तिथेच होती. मास्तर आकाशातून आले, पण बहिरे आणि आंधळे आले. भामरागडच्या पोराच्या घरी माडिया बोलतात. त्याला पुण्याची मराठी कळली की नाही, हे पुण्याला कळायची सोयच नव्हती. पर्लकोटेला पूर आला की पावसाळ्यात भामरागडची वाट बंद होते. पण ही वाट तर बाराही महिने एकाच बाजूने चालू. विजेचं नेमकं उलट. आमच्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातली वीज कल्याणजवळच्या पडघ्याला नेण्यासाठी ७५२ किलोमीटर लांबीची खास वाहिनी टाकली, ती १९९९ मध्ये सुरू झाली. वीज इकडून तिकडे, धडे तिकडून इकडे. हिशेब म्हणाल तर जुळतो. पण तिकडून कधी कुणी विचारलं नाही, की बाबांनो, तुमच्याकडे काय आहे?

सप्टेंबर २००४ मध्ये निव्वळ शिक्षणासाठी एज्युसॅट सोडला. त्यात दोन्ही बाजूंनी बोलायची सोय होती, पण तिला यंत्रं लागत आणि यंत्रांना निविदा. निविदा म्हणजे काय हे मी बँकेत वीस वर्षं पाहतो आहे, तेव्हा पुढे जाऊ.

दोन्हीकडून बोलण्याची खरी सोय आली ती संगणकाच्या डोळ्यातून, आणि तिचं सोनं केलं एका जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी. शाळा गुरांच्या गोठ्याला लागून. २००९ मध्ये रणजितसिंह डिसले तिथे रुजू झाले. पुढे त्यांनी संगणकावरून देशोदेशीच्या वर्गांना सहली घडवल्या, प्रयोग करून दाखवले. इतकंच नाही, तर भारत-पाकिस्तान, इस्राएल-पॅलेस्टाईन असल्या भांडकुदळ शेजाऱ्यांची पोरं एकमेकांसमोर बसवली. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. दहा लाख डॉलर! आणि ही बातमीसुद्धा त्यांना लंडनहून पडद्यावरच कळली. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. मी लगेच भागाकार केला. प्रत्येकी पंचावन्न हजार पाचशे पंचावन्न, आणि पुढे दशांशात पंचावन्न संपतच नाहीत. आमच्या कॅशियरला रात्रभर झोप आली नसती.

त्याच वर्षी सगळ्या राज्याच्या शाळा पडद्यावर गेल्या. सरकार म्हणालं, शाळा बंद, पण शिक्षण सुरू. सह्याद्री वाहिनीवर जुलैत 'टिलीमिली' लागली. म्हणजे पुन्हा एकतर्फी बाई आल्या, पण निदान घरात आल्या. दोन्हीकडून बोलायचं तर मनोरा हवा. तो नसला की आमच्याकडे "लिंक नाही" म्हणतात. हे वाक्य बँकेच्या काउंटरवरून मी इतक्या वेळा उच्चारलं आहे, की माझ्या मुलीने लहानपणी ते माझं आडनाव समजलं होतं.

माझी मेहुणी गडचिरोलीच्या आतल्या भागात शिक्षिका आहे. गावात मनोरा अलीकडे आला. परवा तिने आपला चौथीचा वर्ग कोकणातल्या एका शाळेला जोडला. मी पाहुणा म्हणून मागच्या बाकावर बसलो होतो. तिने नीट आखणी केली होती. आधी प्रार्थना, मग पाठ, शेवटी शंका. प्रार्थनेच्या दुसऱ्या ओळीतच चित्र अडकलं आणि तिकडचे गुरुजी आ वासून तसेच राहिले. पोरांना हा भाग सगळ्यांत आवडला.

चित्र सुटलं तेव्हा आखणी संपली होती. तिकडच्या पोरांनी खिडकीतून होडी दाखवली. इकडून एक पोरगा उठला, चालता मोबाइल घेऊन नदीवर गेला आणि डोंगा दाखवला. "तुमची फळ्या जोडून केली," तो म्हणाला, "आमचा एकाच झाडाचा हाय." तिकडे कुजबुज. मग एका मुलीने विचारलं, मोहाची फुलं तोडायला झाडावर कसं चढता? इकडे हशा! तोडतात कशाला? रात्री गळतात, पहाटे वेचतात. मेहुणी माडियातलं मराठीत करीत होती, तिकडचे गुरुजी मालवणीतलं पुस्तकी मराठीत करीत होते. मधल्या मधे दोन्ही शिक्षक दुभाषे होऊन बसले.

"पाठ राहिला ना भाऊजी," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीने, जी तोवर एक अक्षर बोलली नव्हती, माडियात काहीतरी विचारलं. मेहुणीने मराठी केलं, "आमची नदी एकाच बाजूने जाते. तुमचं पाणी परत येतं म्हणता, तर ते जातं कुठे?"

गुरुजी विचारात पडले की चित्र पुन्हा अडकलं, सांगता येत नाही. पाच मिनिटं वाट पाहिली. लिंक नव्हती. पोरगी मात्र जागची हलेना. दुसऱ्या दिवशी मेहुणीच्या मोबाइलवर कोकणातून चार मिनिटांचा निरोप आला. भरती-ओहोटी, चंद्र, सगळं होतं त्यात. तिने तो वर्गात तीनदा ऐकवला. चौथ्यांदा त्या पोरीनेच मोबाइल मागून घेतला आणि कानाला लावून बाहेर जाऊन बसली.